आईचा अंगठा दिसत नाही

अथलोन,
१२ फेब्रुवारी २००६

ती. स्व. डिम्फना मावशीस,
फिंटनचा सा. न. वि. वि.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दारात तू मला खुणेनं बजावलं होतंस, की पत्र टाक, फोन माझ्या बहिऱ्या घरात काय कामाचा. तर हे पत्र. उशीर झाला खरा, पण नदी फुगल्यामुळे आता ईस्टरपर्यंत नदीवरच्या माझ्या बंधाऱ्याच्या पाणदरवाज्यांतून एकही होडी चढणार-उतरणार नाही. सरकार मला नुसतं पाण्याकडे बघत बसायचा पगार देतं आहे. माजेला बायकोच्या हक्कानं म्हणते, बसलाच आहेस तर आईचं घर तरी आवर.

आवरताना इस्त्रीच्या कपाटात एक व्हिडिओ कॅसेट सापडली. वर बाबांच्या अक्षरात लिहिलं आहे, "मैत्रिणी, ऑगस्ट १९९१". तुला आठवेल. तुम्ही शाळेतल्या मैत्रिणी आमच्या स्वयंपाकघरात जमला होतात, आणि तू मात्र संध्याकाळची बस गाठायला लवकर निघालीस. बाबांनी कॅमेरा त्यानंतर काढला. कॅसेटमध्ये आई आहे, फिलोमिना मावशी आहे, कन्सेप्टा मावशी आहे, आणि तुझी रिकामी खुर्ची आहे.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आई एक लांबलचक गोष्ट सांगत होती. मी दारात येऊन उभा राहिलो तशा तिघी माझ्याकडे वळल्या आणि अशा हसल्या, की कन्सेप्टा मावशीनं टेबल घट्ट धरलं. काय झालं म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, बायकांच्या गप्पा आहेत, जा, झोप. पंधरा वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही की मी असं केलं तरी काय होतं.

माजेलाला याचं फार नवल वाटतं. आईबापांच्या हातांवर वाढलेला मुलगा, आणि आईची गोष्ट त्याला समजत नाही म्हणजे काय! मी तिला सांगितलं, की डब्लिनला बहिऱ्या मुलींची शाळा वेगळी होती आणि मुलांची वेगळी, मधे भिंत. दोन्हीकडे खुणा वेगवेगळ्या वाढल्या. लग्न झालं की बायका नवऱ्याच्या खुणा शिकायच्या, आपल्या बाजूला ठेवायच्या. आमच्या घरी बाबांच्या खुणा चालायच्या, मी त्या शिकलो. आई मैत्रिणींशी बोलायला लागली की मला ती परक्या गावची वाटायची.

फिलोमिना मावशी गेली. कन्सेप्टा मावशीला वृद्धाश्रमातल्या नर्सनं आईचा फोटो दाखवला तर तिनं विचारलं, ही बाई कोण. ती गोष्ट वाचू शकेल अशी आता तू एकटीच उरली आहेस. कॅसेट फार वेळा लावली तर झिजते म्हणतात, म्हणून गावातल्या कोलगनच्या दुकानात तिची डीव्हीडी करून घेतली. सोबत पाठवतो आहे. बघ आणि सांग.

माया आहे तितकी राहू दे, थोडी वाढली तर नको म्हणणार नाही.
तुझा,
फिंटन


बेलमलेट,
२१ फेब्रुवारी २००६

चि. फिंटन यास,
अ. उ. आ.

तुझी तबकडी पोचली. माझ्याकडे ती लावायचं यंत्र नाही, म्हणून शेजारच्या उर्सुलानं आपलं आणून माझ्या जुन्या डबडा टीव्हीला जोडून दिलं. चहा केला, चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. आणि बाळा, तू मला काय पाठवलंस? भिंतीवरचं घड्याळ उत्तम दिसतं. चहाची किटली उत्तम दिसते. तुझी आई जोवर गप्प बसते तोवर तीही उत्तम दिसते. तिनं हात उचलले की हातांच्या जागी लापशी! ढवळलेली, गरम लापशी.

तुम्हा ऐकणाऱ्यांचं असं आहे, चित्रात चेहरा ओळखू आला की तुम्ही खूश. आमची जीभ कुठे असते ते तुमच्या त्या कोलगनला विचार. समजा, कुणी तुझ्या आईचं बोलणं टेप करून आणलं आणि त्यात फक्त तिचे श्वास ऐकू आले, तर तू पैसे देशील का?

तरीसुद्धा बघितलं. चार वेळा. ती बस मी गेली पंधरा वर्षं शिव्या घालत आले आहे. कन्सेप्टानं दुसऱ्याच आठवड्यात लिहिलं होतं, की तू गेलीस आणि खरी मजा तेव्हा झाली. काय मजा, ते त्या कैदाशिणीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. भेटल्यावर अट्रॅक्टाच्या, तुझ्या आईच्याच तोंडून ऐक, म्हणाली. मग आमचे हे अंथरुणाला खिळले, मग माझे गुडघे. राहूनच गेलं.

लापशीतून जे चमचाभर हाती लागलं ते असं. गोष्ट तुझी आहे. तू लहान आहेस. कुठेतरी गर्दी आहे आणि पुरुष हसताहेत. शेवटी तुझी आई तुझ्याबद्दल एक वाक्य म्हणते. ते मी एका प्रकारे वाचलं आहे, पण इतक्या गढूळ पाण्यात दिसलेल्या माशाचं नाव मी सांगत नसते. तेव्हा विचारू नकोस.

मलाच एक विचारायचं आहे. त्या कॅसेटमध्ये ऐकू काय येतं? आम्ही तिघी-चौघी जमलो की कसा आवाज होतो, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

माजेलाला आशीर्वाद. म्हातारीवर रागावू नये, एवढीच मागणी.
तुझी,
डिम्फना मावशी


अथलोन,
५ मार्च २००६

ती. स्व. डिम्फना मावशीस,
सा. न. वि. वि.

विचारू नकोस म्हणतेस आणि शेपूट तेवढं दाखवतेस! इथे माझी झोप उडाली आहे. माजेला म्हणते, तुझ्या मावशीनं मालिका लिहाव्यात.

तुझं पत्र घेऊन मी तडक कोलगनकडे गेलो. माणूस भला आहे, लोकांची लग्नं आणि बारशी करून देतो. लापशीचा परिच्छेद वाचून आधी त्याचे कान लाल झाले, मग त्यालाच उत्सुकता वाटायला लागली. त्यानं डीव्हीडी लावली आणि आम्ही दोघं आईच्या हातांकडे नाक लावून बसलो. मग म्हणाला, की चूक उघड आहे. त्यानं जागा वाचवायला सगळी कॅसेट एकाच तबकडीत कोंबली होती. कोंबायचं म्हणजे यंत्र काय करतं, तर जे हलत नाही ते नीट ठेवतं आणि जे हलतं त्याचा नुसता अंदाज लिहून ठेवतं. लग्नात नवरा-नवरी स्थिर उभे असतात, कुणाची तक्रार येत नाही. शिवाय जुन्या कॅसेटवरची मुंग्यांसारखी वळवळ काढायला तो चित्र गुळगुळीत करतो. आईची बोटंही त्याच्या यंत्राला मुंग्या वाटली.

आता त्यानं कॅसेटच्या दोन तबकड्या केल्या आहेत आणि गुळगुळीत करणं बंद ठेवलं आहे. मला तरी बोटं दिसतात. सोबत पाठवतो.

आवाजाचं विचारलंस. कोलगननं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की आवाजही स्वच्छ केला आहे. त्याला वाटलं बोलणं तर कुणाचंच नाही, सगळा कचराच. म्हणून मी मूळ कॅसेट घरी डोळे मिटून ऐकली. खुर्च्या सरकतात. कप बशीवर जोरात आपटतात, कारण तुमच्यापैकी कुणालाच ते ऐकू येत नाही. तळहातावर तळहात पडतो तो आवाज सारखा येतो, कणीक मळल्यासारखा. आई बोलताना नाकानं श्वास सोडते, आणि गोष्टीत कुणी पळायला लागलं की तो श्वासही धापा टाकतो. कॅमेऱ्यामागे बाबा गुणगुणताहेत, बेसूर. त्यांना ते ठाऊकही नसणार. आणि तुमचं हसणं! ऐकणाऱ्या बायका हसताना स्वतःला ऐकतात आणि आवरतात. तुम्ही आवरत नाही. कोंबडी, दार आणि लहान मूल एकदम, असा काहीसा आवाज. मी तो परत परत ऐकला. या वेळी कोलगनला आवाजाला हात लावू दिला नाही.

आता तरी सांग. ते वाक्य काय आहे?

लोभ आहेच, त्यात थोडी दयाही मिसळ.
फिंटन


बेलमलेट,
१६ मार्च २००६

चि. फिंटन यास,
अ. उ. आ.

कोंबडी, दार आणि लहान मूल! हे मी उर्सुलाला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, अगदी बरोबर आहे. इतकी वर्षं शेजारी राहते, एका शब्दानं बोलली नव्हती. मी आरशासमोर उभी राहून हसून पाहिलं. अर्थातच काही कळलं नाही.

नव्या तबकड्या पाहिल्या. लापशी गेली, देव कोलगनचं भलं करो. पण आता तुझ्या आईला प्रत्येक हाताला दहा बोटं आहेत. हात सावकाश चालला तर ठीक, वेग घेतला की बोटांना कंगव्यासारखे दाते फुटतात. एक बोट इथे आणि त्याचंच भूत पुढे. तरी गोष्ट लागली. सांगते.

तू चार वर्षांचा. तोवर दिवसभर आईजवळ, तिच्याच खुणा बोलायचास, आमच्या, मुलींच्या. एका शनिवारी तुझा बाप मॅलकी तुम्हाला दोघांना बहिऱ्यांच्या क्लबात घेऊन गेला. पुरुष पत्ते खेळत होते. तू थेट त्यांच्या टेबलाशी गेलास आणि सगळ्यांदेखत लेमोनेड मागितलंस, मुलींच्या खुणेनं, करंगळी वर करून, नन शिकवायच्या तसं अगदी. टेबल पोट धरून हसलं. कुणी तुझी नक्कल केली. कुणी मॅलकीला विचारलं, की मुलीला पँट का घातली आहेस. तुझा बाप बिटासारखा लाल झाला. तू आपला तिथेच उभा, कुणाला कळलं नाही असं वाटून तीच खूण आणखी मोठी करतोस. अट्रॅक्टानं तुझी ती ऐट इतकी हुबेहूब केली आहे, की मी इथे एकटी बसून डोळे पुसले. मग ती तुला कडेवर घेऊन बाहेर पडली. त्या दिवसापासून घरात मॅलकीच्या खुणा. तुझ्याशीसुद्धा.

मग येतं ते वाक्य. तू मागतो आहेस म्हणून लिहिते, पण मला ते मान्य नाही हेही त्याबरोबर वाच. "माझी भाषा मी..." असं म्हणून ती तळहात गालावर नेते. अंगठा आत दुमडला असेल, तर त्याचा अर्थ लाज वाटली. अंगठा बाहेर असेल, तर अर्थ निराळा, तो आमच्या झोपायच्या खोलीतल्या मुलींनी घरच्या घरी बनवलेला शब्द आहे. आणि नेमका अंगठा दिसत नाही. तिथे दाते आहेत. चित्रात खालून पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फही चढतो, तिच्या मनगटापर्यंत. माझे डोळे दर वेळी लाज असं वाचतात आणि मन म्हणतं, ती अट्रॅक्टा नव्हेच.

बर्फावरून आठवलं. ही कॅसेट फिलोमिनाच्या घरी लावली होती तेव्हा नुसता बर्फ दिसला, असं अट्रॅक्टानं लिहिलं होतं. मॅलकीच्या यंत्रावर मात्र लख्ख दिसायची. ते यंत्र कुठे आहे?

मन घट्ट ठेव. अर्धवट वाचलेल्यावर रडायचं नसतं.
तुझी,
डिम्फना मावशी


अथलोन,
९ एप्रिल २००६

ती. स्व. डिम्फना मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून काही दिवस नुसता नदीच्या काठानं हिंडलो. त्या दिवसाचं मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. माजेलानं वाचलं आणि म्हणाली, चार वर्षांच्या पोराच्या लेमोनेडपायी एका बाईनं आपल्या घरात आपली भाषा बंद केली, आणि तुला वाटतं की ती बायकांची थट्टा होती. मग तिनंच माझा कोट आणून दिला.

बाबा गेल्यावर आम्ही त्यांचा व्हीसीआर क्लबला दिला होता. तेव्हापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. व्यवस्था अजून एंडा फीरिककडे आहे. तोच तो लांबट, भुवया वर गेलेला. मला बघून त्यानं आधी मिठी मारली, मग माझ्या पोटावर बोट ठेवून थट्टा केली, मग कपाटाच्या तळातून यंत्र काढलं. वर नाताळच्या माळांचा गुंता होता. हे कशाला हवंय म्हणून विचारलं, तेव्हा मी लेमोनेडची गोष्ट सांगितली.

त्यानं माळांचा गुंता खाली ठेवला. म्हणाला, की नक्कल करणारा मीच. सगळे हसलो, तूही हसशील असं वाटलं. तुझी आई दारापर्यंत गेली, वळली, आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि निघाली. त्यानंतर क्लबात ती नेहमी यायची, हसायची, भांडायची, पण पुरुषांच्याच खुणांनी, आमच्याहून सफाईनं. एंडाला वाटतं, तिला लाज वाटली. त्यालाही वाटली होती, पण क्लबात ते बोलायची पद्धत नव्हती. आता हे तुला सांगताना मला बरं वाटत नाही, पण साक्ष तुझ्या डोळ्यांच्याच बाजूनं पडते.

यंत्र कोलगनकडे नेलं. आता हा माणूस पार झपाटला आहे, लोकांची बारशी खोळंबून पडली आहेत. त्यानं यंत्राचं कॅसेट वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेट लावली, आणि बर्फ थांबला. खालपासून वरपर्यंत आई! बाबांनी काटकसरीनं अर्ध्या वेगानं भरलेली कॅसेट आहे. अशी कॅसेट ज्यानं भरली त्याच यंत्राला नीट वाचता येते म्हणे. त्याच यंत्राचा तिरकेपणा तिच्यात उतरलेला असतो. बाबांचं अक्षरही मलाच लागायचं.

दात्यांचंही समजलं. टीव्हीवरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा येतं, पण दर वेळी अर्धंच. एकदा एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. कोलगनचा संगणक दोन अर्धी जोडून एक पूर्ण चित्र करत होता. पण पहिलं अर्धं आणि दुसरं अर्धं यांच्यामध्ये आईचा हात पुढे गेलेला असायचा. तेच ते भूत. या वेळी आम्ही काही जोडलं नाही. अर्धी अर्धी जशी होती तशीच ठेवली, एकेका तासाला एक तबकडी दिली, आवाज तसाच ठेवला. तुझ्या डबडा टीव्हीला अशीच अर्धी चित्रं घ्यायची सवय आहे, त्यामुळे त्यावरच लाव. उर्सुलाचा चपटा टीव्ही नको.

आम्ही दुकानात ती जागा पाहिली. मला अंगठा दिसला, मावशी. पण तुझं पत्र मी मुद्दाम घरी ठेवलं होतं, आणि आत की बाहेर, कुठला अर्थ कशाचा, हे आठवायचं मी टाळलं. तूच सांगावंस. कोलगन माझ्याकडे बघत होता, त्याला म्हटलं, अजून माहीत नाही.

जे असेल ते लिही, मऊ करून लिहू नकोस.
फिंटन


बेलमलेट,
१८ एप्रिल २००६

चि. फिंटन यास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

बाहेर आहे. अंगठा बाहेर आहे, ताठ, घराच्या खुंटीसारखा.

आता अर्थ सांगते. शाळेत रात्री भूक लागायची. जेवणातला पावाचा तुकडा आम्ही बाहीत लपवून आणायचो आणि उशीखाली ठेवायचो. दिवे गेल्यावर बोलता येत नसे, म्हणून दिवे जायच्या आत एकमेकींना सांगायचं, आहे, ठेवलाय. तळहात गालाला, म्हणजे उशी. अंगठा बाहेर, म्हणजे तुकडा. पुढे तो शब्द कशालाही लागू झाला. जे कुणी घेऊ नये म्हणून, आणि नंतर लागेल म्हणून लपवतात, ते सगळं उशीखाली. खोलीबाहेर हा शब्द कुणाला ठाऊक नाही. एंडाला कुठून असणार, आणि मॅलकीलाही नव्हता.

तुझी आई म्हणते, "माझी भाषा मी उशीखाली ठेवली. हसणाऱ्यांपुढे ती वाढायची नाही. पोरगा मोठा होईल, एक दिवस स्वतः येऊन मागेल, तेव्हा काढून देईन." फिलोमिना विचारते, आणि नाही मागितली तर? त्या क्षणी, फिंटन, त्याच क्षणी, तिघी दाराकडे वळतात, कारण तू तिथे उभा आहेस. चित्रात तू नाहीस, पण कोपऱ्यात तुझी सावली पडली आहे. आणि तू विचारतोस, काय झालं? दुकान उघडायच्या आत गिऱ्हाईक दारात! त्या हसल्या नसत्या तर मीच त्यांना माफ केलं नसतं.

मग तुला तिनं झोपायला पिटाळलं. का, हेही आहे, ते आधीच्या तबकडीत बर्फाखाली गेलं होतं. तू गेल्यावर फिलोमिना तिला टोचते, की आला होता ना, दिलं का नाहीस? अट्रॅक्टा म्हणते, "त्याला विनोद हवा होता, शब्द नव्हे. शब्द हवे असतील तेव्हा हसण्याबद्दल विचारणार नाही." आणि मग, किती वेळ ते मोजलं नाही, ती नुसती दाराकडे बघते. मॅलकी कॅमेरा बंद करतो.

तू मऊ करू नकोस म्हणालास, म्हणून पुढचंही लिहिते. ती वाट बघत होती आणि तू विचारलं नाहीस. पण तिनंही कधी सांगितलं नाही, आणि वाट बघणाऱ्यानं निदान खिडकीत दिवा तरी लावावा. मी तिच्यावर आज चिडले आहे. ती मेली म्हणून काय झालं, मैत्रीण आहे माझी.

जेवत जा नीट. माझा जीव तुझ्यात आहे हे आता वेगळं कशाला लिहू.
डिम्फना मावशी


अथलोन,
२३ एप्रिल २००६

ती. स्व. डिम्फना मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र दरवाज्यांवर उभं राहून वाचलं. मोसमातली पहिली होडी आली होती, एक जर्मन कुटुंब. त्यांना वाटलं काही दुर्घटना झाली आहे, त्यांनी मला बिस्किटं दिली.

फार लिहीत नाही. त्या कशाला हसल्या हे आता मला कळलं, आणि विचारावंसं आता त्याबद्दल काही उरलेलं नाही. मला शब्द हवे आहेत. आई ज्या हातांनी मला दूध, चंद्र, कुत्रा, थंडी शिकवत होती ते शब्द. तुझ्याकडे आहेत. शिकवशील का?

मेमध्ये आठवडाभर रजा मिळते. कोलगन चांगला कॅमेरा उसना देतो आहे, त्याची एकच अट आहे, खिडकीकडे तोंड करून तुला बसवायचं आणि मागचा पडदा साधा हवा. तुझी हरकत नसेल तर येतो.

उत्तराची वाट बघतो आहे, खिडकीत दिवा लावून.
फिंटन


बेलमलेट,
११ जून २००६

चि. फिंटन यास,
अ. उ. आ.

तू गेल्यावर घर सुनं झालं, हे लिहायचं नव्हतं, पण लिहून बसले. उर्सुला विचारत होती, तो माणूस कुठे गेला ज्याच्या हातांकडे बघून तुम्ही दिवसभर कपाळ बडवत होतात. खरं सांगू? तुझी बोटं लाकडी आहेत. तू 'चंद्र' म्हणतोस तेव्हा मला बटाटा दिसतो. पण आठवड्याच्या शेवटी तू मला थंडी वाजते आहे असं म्हणालास आणि मी विचार न करता उठून खिडकी लावली. मग लक्षात आलं, की मला कुणी समजावलं नव्हतं. बोलणं झालं होतं नुसतं.

तुझ्या नव्या तबकड्या काल आल्या. तुला कल्पना नसेल तू मला काय पाठवलं आहेस. मला फोटोसुद्धा आवडत नाही, आणि आरशाशी कोण बोलतं? मी माझे हात सत्तर वर्षं फक्त वरून पाहत आले, पाठीमागून, जसे आपण आपले जोडे बघतो. समोरून ते कसे दिसतात हे ज्यांच्याशी बोलले त्यांना ठाऊक होतं, मला नाही. काल पहिल्यांदा मी मला बोलताना पाहिलं.

प्रत्येक बोट दिसतं. नखंसुद्धा, आणि ती कापायला हवी आहेत. मी भराभर बोलते. डावा खांदा उडवते, ते कुणी कधी सांगितलं नाही. पण मला खुर्चीत बसवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. वाक्य संपलं की मी उजवा हात एकदम मांडीवर टाकत नाही. क्षणभर हवेत ठेवते, बोटं किंचित उघडी, कुणी त्यात काही ठेवील अशी. ही अट्रॅक्टाची ढब. मी लहानपणी तिच्या या ढबीवर जळायचे, किती ऐटबाज वाटायची! मी पुन्हा तुझ्या आईची तबकडी लावली, मग माझी, मग तिची. दोन्हीत तेच. आता मी तिची उचलली की तिनं माझी, हे मला सांगू शकणारं कुणी उरलेलं नाही.

म्हणून तूच शोध. ऑगस्टमध्ये माजेलाला घेऊन ये, कॅमेरा आण, आणि या वेळी भिंगाच्या या बाजूला, माझ्या जागी, तू बस. मला बघायचं आहे, वाक्य संपल्यावर तुझा हात कुठे राहतो.

तोवर माझी आठवण हातात ठेव.
तुझी,
डिम्फना मावशी